अण्णांचे पाय आणि मास्तरांचं छत

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ आला की अण्णा काहीतरी सोडत. हे त्यांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, इमारतीत बहुतेकांना माहीत होतं, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांना अण्णा स्वतः गाठून सांगत. एका वर्षी त्यांनी साखर सोडली. त्या दिवसांत ते बिनसाखरेचा चहा अशा काही चेहऱ्याने पीत, की समोरच्याच्या घशाखाली त्याच्या कपातली साखर उतरू नये. एका वर्षी टीव्हीवरच्या बातम्या सोडल्या, आणि मग जगात काय चाललंय हे जेवताना विचारून विचारून बायकोला आणि लेकीला जेरीस आणलं. लिफ्ट सोडली त्या वर्षी तर ते प्रत्येक मजल्यावर दम खायला थांबत, आणि ज्या घराचं दार उघडं दिसेल तिथे आपण जिना का चढतोय याचा खुलासा करून मगच पुढे जात.

म्हणून या वर्षी भस्म बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन अण्णा संध्याकाळच्या उपासनेहून परतले, तेव्हा बायकोने दारातच सांगून टाकलं, "या वेळी काय सोडायचं ते सोडा. फक्त ते सांगत फिरणंही सोडा."

"या वेळी मी काही सोडत नाहीये," अण्णा म्हणाले. नम्र व्हायचं असलं की त्यांचा आवाज खर्जात जाई. "या वेळी माझी निवड झाली आहे."

प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्या शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून त्यांच्या चर्चमध्ये दर वर्षी पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, पाळकसाहेब मंडळीतल्या बारा जणांना पुढे बसवून त्यांचे पाय धूत. अण्णांना आजवर कधी बोलावणं आलं नव्हतं. चर्चच्या रखवालदाराचे पाय धुऊन झाले होते, खजिनदारांचे दोनदा झाले होते. नम्रतेच्या बाबतीत आपल्याला सतत डावललं जातंय, ही अण्णांच्या मनातली जुनी ठसठस होती.

"छान झालं की," बायको म्हणाली.

"पण बाबा," कॉलेजातली लेक पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "म्हणजे सगळ्यांसमोर मोजे काढावे लागणार ना?"

अण्णांनी ही बाजू पाहिलीच नव्हती. दिवसभर बूट, घरी मोजे आणि सपाता, अंघोळीला चष्मा नाही. आपल्या पायांशी त्यांचा कित्येक वर्षांत समोरासमोर संबंध आला नव्हता. त्यांनी खुर्चीत बसून मोजे उतरवले. टाचा आटलेल्या तळ्याच्या तळासारख्या तडकलेल्या. उजव्या अंगठ्याचं नख काळं, चर्चचा बाक हलवताना कधीतरी त्यावर आदळला होता. करंगळीवर एक भोवरी, तिच्या शेजारी तिचं पिल्लू.

लेक बराच वेळ पाहत राहिली. "पाळकसाहेबांचं वय झालंय, बाबा," ती म्हणाली. "त्यांच्याशी असं वागू नका."

तिथून त्या कामाला सुरुवात झाली. काम तसं लहानसं: दोन पाय, हाताशी भरपूर वेळ. शिवाय उपवासकाळात माणसाने आत्म्याची मशागत करावी असं म्हणतात. अण्णांनी ती खालच्या टोकापासून सुरू केली, इतकंच.

समोरच्या फ्लॅटमधल्या नर्सबाईंनी कोमट पाण्यात मीठ टाकून रोज पाय बुडवून बसायला सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त सर्व्हेअरना हे पटलं नाही. मिठाने टाचा आणखी फाटतात, त्यापेक्षा वजरीने घासा आणि वर तेलात मेणबत्ती वितळवून भरा, असं त्यांचं मत. ते आयुष्यभर जमिनीच्या भेगा मोजत आल्याने त्यांचा शब्द अण्णांना वजनदार वाटला. अण्णांनी दोन्ही केलं. मेण टाचेत बसलं, पण फरशीवरही बसलं, आणि बायको त्यावरून थेट फ्रीजपर्यंत गेली. पडली नाही, पण त्या दिवसापासून घरात मेणबत्तीचं नाव काढायची सोय उरली नाही.

मग अण्णा बाथरूममध्ये हलले. आता इथे त्या बाथरूमविषयी थोडं सांगायला हवं.

अण्णा एका विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासणारे अधिकारी होते. कुणाच्या गोदामात पाणी शिरलं, कुणाची भिंत खचली, की ते झालंच नाही, झालं असल्यास आधीच झालं होतं, आणि आधी झालं नसल्यास त्याला कंपनी जबाबदार नाही, हे सभ्य भाषेत पटवून देण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांच्या बरोबर खालच्या घरात चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे मास्तर राहत. काही वर्षांपूर्वी मास्तरांच्या झोपायच्या खोलीत छताला ओल आली. मास्तर बिचारे वर येऊन म्हणाले, "अण्णा, तुमच्या बाथरूमचं पाणी झिरपतंय वाटतं." अण्णांनी ती फरशी स्वतः उभं राहून बसवून घेतली होती. तिच्यावर कुणी संशय घ्यावा हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी मास्तरांना हवेतला दमटपणा, बाहेरच्या भिंतीच्या चिरा आणि खालच्याच लोकांची कपडे वाळत घालायची पद्धत, अशी कारणं इतक्या मुद्देसूदपणे ऐकवली की मास्तर जिना उतरून गेले ते परत आले नाहीत. तेव्हापासून चर्चच्या दारात गाठ पडली तर दोघेही शेजारच्या कुंडीकडे बघत. अण्णा रोज सकाळी प्रभूची प्रार्थना म्हणत, तेव्हा क्षमेच्या ओळीपाशी आले की त्यांना हटकून खोकला येई. त्याचं कारण ते हवामानात शोधत.

तर त्या बाथरूममध्ये अण्णा रोज टब भरून पाय बुडवून बसू लागले. सोबत भक्तीचं पुस्तक. पाणी गार झालं की ओतायचं, नवं घ्यायचं. अध्याय लांब असला की तीन-तीन टब होत.

टाचा मऊ झाल्या, पण देखण्या काही होईनात. तेव्हा लेकीने कुठूनतरी मागवून औषध भरलेले प्लॅस्टिकचे मोजे आणून दिले. ते तासभर घालायचे, मग काही दिवसांत जुनी कातडी आपोआप निघून खालून कोवळा पाय बाहेर येतो, असं पाकिटावर लिहिलं होतं. जुना मनुष्य टाकून नवा धारण करण्याची ही कल्पना उपवासकाळाला शोभणारी होती, त्यामुळे अण्णांनी तासाऐवजी अख्खी दुपार मोजे घालून ठेवले. आठवड्याने, नेमकी ऑफिसात बैठक चालू असताना, त्यांच्या पायाची साल निघायला लागली. घरी येऊन मोजा झटकला तेव्हा बायकोने झाडू पुढे केला. खालून कोवळा पाय निघाला खरा, पण तो इतका कोवळा होता की त्याला मोजा सोसेना. लाल झाला, चुरचुरला, आणि अण्णा उभ्या उभ्या एका पायाने दुसरा खाजवू लागले.

नर्सबाईंनी पाय पाहून कपाळाला हात लावला. "सगळे उपाय एकाच पायावर का करता हो?" त्या म्हणाल्या, आणि एक जांभळं औषध लिहून दिलं. "बोळ्याने लावा. थोडंसं."

थोडंसं हा शब्द अण्णांच्या स्वभावात नव्हता. बोळ्याने कुठे लागतं कुठे नाही, त्यापेक्षा सगळीकडे सारखं लागावं म्हणून त्यांनी सबंध बाटली टबात ओतली आणि पाय आत सोडले. पाऊण अध्याय झाला असेल, तोच बाहेर फोन वाजला. फोन ऑफिसचा असावा असं वाटून ते घाईने उठले, टबाची कड पायाखाली आली, आणि टब आडवा झाला. जांभळं पाणी बाथरूमभर पसरलं, कोपऱ्यापर्यंत गेलं आणि बघता बघता नाहीसं झालं. फोन चुकीचा लागला होता. अण्णांनी मनाशी नोंद केली की आपल्या बाथरूमचा उतार किती उत्तम आहे.

पाय मात्र घोट्यापर्यंत जांभळे झाले. साबण लावला, लिंबू लावलं, घासलेटही लावून पाहिलं. रंग तसूभर हलला नाही. दुरून पाहणाऱ्याला अण्णांनी आखूड जांभळे मोजे घातलेत असं वाटे, आणि तेवढाच काय तो दिलासा होता.

दुसऱ्या दिवशी अण्णा सॅंडल घालून ऑफिसला गेले. तिथे बूट सक्तीचे होते. मॅनेजरबाईंनी नियम दाखवला आणि कंपनीच्या डॉक्टरचा दाखला आणायला सांगितलं. डॉक्टरांच्या दाखल्यात आजाराचं नाव आणि कारण लिहिणं भाग होतं. आजार कुठला हे डॉक्टरांना ठरवता येईना, तेव्हा त्यांनी कारण विचारलं. अण्णांनी भस्म बुधवारपासून सगळं सांगितलं. डॉक्टर गंभीर चेहऱ्याने लिहीत राहिले. मॅनेजरबाईंनी तो कागद सहकाऱ्यांसमोर मोठ्याने वाचला: "दोन्ही पाय जांभळे. कारण धार्मिक." ज्या माणसाने आयुष्यभर इतरांचे कागद परत पाठवले, त्याचा हा कागद मात्र एका फटक्यात मंजूर झाला. तो नाकारला गेला असता तर अण्णांना बरं वाटलं असतं.

त्याच संध्याकाळी दारावरची बेल वाजली. दारात मास्तर उभे होते.

"अण्णा, जरा खाली येता का?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, हेच अण्णांना खटकलं.

खालच्या खोलीत पलंग भिंतीपासून ओढून मधोमध आणलेला होता. त्याच्या बाजूला बादली. छताच्या कोपऱ्यात जुनी पिवळट ओल होती आणि तिच्या मधोमध बशीएवढा जांभळा डाग. त्यातून अजून एखादा थेंब गळत होता. मास्तरीणबाई शालीत गुरफटून पलंगावर बसल्या होत्या. त्यांना दम्याचा त्रास, हे अण्णांना माहीत होतं. ओलीमुळे तो वाढतो आणि त्या कधीपासून बाहेरच्या सोफ्यावर झोपतात, हे माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

बाईंनी डागाकडे पाहिलं, मग अण्णांच्या सॅंडलकडे, मग पुन्हा डागाकडे.

"रंग तोच आहे," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "अगंबाई, पायाला काय झालं तुमच्या? दुखतंय का?"

अण्णांच्या डोक्यात सवयीने वाक्य तयार झालं होतं, की केवळ रंगातलं साम्य हा निर्णायक पुरावा मानता येणार नाही. ते वाक्य ओठांपर्यंत येऊन थांबलं. बाईंनी पायाची चौकशी केली नसती तर ते बाहेर पडलंही असतं. "बघतो," एवढंच ते म्हणाले आणि जिना चढून वर आले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. अण्णा जेवताना बोलत नव्हते. बायकोने विचारलं तर म्हणत, "चिंतन चाललंय." ती म्हणे, "चिंतन वर करून मास्तरांच्या घरी गळतं का?" छतावरच्या त्या डागाची बातमी तिला लिफ्टमध्येच मिळाली होती. बाथरूममध्ये पाय ठेवला की अण्णांना खालची शाल आठवे, आणि ते अर्ध्या बादलीत अंघोळ उरकत. पण खाली जाऊन दोन शब्द बोलावे, तर पाय उचलत नव्हता. इतकी वर्षं मुद्देसूदपणे नाही म्हटल्यावर हो म्हणायला कुठून सुरुवात करतात, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

शेवटी पवित्र गुरुवार जवळ आला तेव्हा ते पाळकसाहेबांकडे गेले आणि माझं नाव यादीतून काढा म्हणून सांगितलं.

पाळकसाहेब खुर्चीत पाठीला उशी लावून बसले होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं. अण्णांनी सॅंडल काढून पाय पुढे केले. पाळकसाहेबांनी वाकून पाहिलं, आणि ते हसायला लागले. हसता हसता कळ आली म्हणून कंबर धरली, तरी हसतच राहिले. अण्णांना राग आला, पण मग त्यांनी सगळं सांगायला घेतलं. मेण सांगितलं, साल सांगितली, दाखला सांगितला. छताचं जाता जाता सांगितलं, किरकोळ बाब असल्यासारखं. पण तिथे पाळकसाहेबांचं हसू थांबलं.

"पाय धुऊन घ्यायची लाज वाटते ना?" ते म्हणाले.

"वाटते."

"मग बसू नका. तुम्ही धुवा. माझी कंबर अशी धरली आहे की मी गुडघे टेकले तर उठवायला चार माणसं लागतील. मी कोणाला सांगावं याच विचारात होतो."

"मी? सगळ्यांचे?"

"खाली वाकणाऱ्याच्या पायांकडे कुणी बघत नाही, अण्णा," पाळकसाहेब म्हणाले. हे अध्यात्म होतं की नुसती सोय, ते अण्णांना कळलं नाही, पण त्यांना ते पटलं.

गुरुवारी संध्याकाळी चर्च भरलं होतं. पुढे खुर्च्या मांडल्या होत्या. अण्णा खांद्यावर टॉवेल टाकून, हातात परात आणि तांब्या घेऊन पहिल्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसले. खजिनदारांनी मोजा काढला. त्यांच्या टाचा अण्णांच्या जुन्या टाचांपेक्षाही तडकलेल्या होत्या. शेजारी शिंपी होता, त्याची बोटं एकमेकांवर चढलेली. त्याच्या पुढच्या वकिलांच्या पायाला वास येत होता आणि ते छताकडे बघत होते. अण्णा एकेक पाय परातीत घेत गेले, पाणी घालत गेले, पुसत गेले. कुणाचं नख काळं, कुणाला भोवरी, कुणाची टाच चिरलेली. चांगला पाय एकाचाही नव्हता. हे आधी कळलं असतं तर मेणबत्ती वाचली असती, असं त्यांच्या मनात आलं, आणि कितीतरी दिवसांनी छातीवरचं काहीतरी सैल झालं.

शेवटची खुर्ची खरं तर अण्णांसाठी ठरलेली होती. तिथे कुणाला बसवलंय हे पाळकसाहेबांनी सांगितलं नव्हतं. अण्णांनी मान वर केली तर समोर मास्तर.

मास्तरांनाही बहुधा कुणी काही सांगितलं नसावं. त्यांनी बूट काढले होते, पण मोजे काढायला तयार नव्हते. "राहू द्या, अण्णा," ते हळूच म्हणाले. "फार खराब आहेत हो माझे पाय."

अण्णांनी त्यांचे मोजे उतरवले. पाय खरंच खराब होते. त्यांनी ते परातीत घेतले आणि तांब्या कलता केला. पाण्याची धार मास्तरांच्या पायावरून परातीत पडू लागली, आणि ती बघता बघता अण्णांच्या तोंडून निघून गेलं, "मास्तर, पाणी माझंच आहे."

"कुठलं?"

"वरचं. पहिल्यापासूनचं."

आता, एरवी या वेळी ऑर्गन वाजत असतो आणि त्यात पुढचं बोलणं मागे ऐकू जात नाही. पण ऑर्गन वाजवणारा माणूस परातीत पाय सोडून बसला होता. चर्च अगदी शांत होतं. अण्णांचं वाक्य शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ गेलं. बाहेरगावच्या पाहुण्यांना तो उपासनेचाच भाग वाटला आणि एक बाई भक्तिभावाने "आमेन" म्हणाल्या. इमारतीतली मंडळी मात्र तिसऱ्या बाकावर एकदम खोकली.

"माहीत आहे मला," मास्तर म्हणाले. "तुम्ही म्हणालात, बस झालं." मग पाय जरा आखडून घेत, "अण्णा, हे पाणी मात्र फार गार आहे."

अण्णा हसले. मास्तरही हसले. अण्णांनी त्यांचे पाय इतरांपेक्षा जरा जास्त वेळ पुसले, कारण डोळे टिपायला त्यांना टॉवेलाची दुसरी बाजू लागत होती. उठताना त्यांना उठवेना, तेव्हा मास्तरांनीच हात दिला. अनवाणी, जांभळ्या पायांनी अण्णा सगळ्या चर्चसमोरून बाकावर येऊन बसले. आपले पाय उघडे आहेत हे त्यांना बसल्यावर आठवलं.

शनिवारी प्लंबर आला. त्याने बाथरूमच्या कोपऱ्यातल्या फरश्या उखडल्या, हात घालून फुटका सांधा बाहेर काढला आणि म्हणाला, "हा तर बसवला तेव्हापासूनच उलटा आहे." अण्णांनी मान डोलावली. तो कुणाच्या देखरेखीखाली बसवला गेला हे त्याने विचारलं नाही. मग सणाची सुट्टी म्हणून तो सोमवारी येतो असं सांगून, बाथरूम तसंच उघडं टाकून निघून गेला.

मास्तरीणबाईंनी वर निरोप पाठवला की सगळ्यांनी अंघोळीला खालीच यायचं, संकोच करायचा नाही.

म्हणून पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, सकाळी मास्तरांच्या घरात दोन कुटुंबं आणि एक बाथरूम होतं. अण्णांची बायको आणि लेक उरकून मास्तरीणबाईंबरोबर बोलत बसल्या होत्या. एक रात्र पलंगावर झोपून बाईंचा आवाजही मोकळा झाला होता. अण्णा आत गेले होते. पाणी भरपूर होतं, ते कुठे जातंय याची चिंता नव्हती, आणि त्यांना अनेक दिवसांनी गावंसं वाटलं. चर्चमध्ये सगळी मंडळी येऊन बसली होती आणि ऑर्गनवाल्याची वाट पाहत होती. ऑर्गनवाले खांद्यावर टॉवेल टाकून आपल्याच बाथरूमच्या दाराबाहेर उभे होते.

त्यांनी आतलं गाणं एक कडवंभर ऐकलं. मग दारावर बोटाने वाजवलं.

"अण्णा," ते म्हणाले, "एक पट्टी खाली घ्या. आणि जरा लवकर."